गोतफेर

तिसऱ्यांदा नापास झाल्यावर शालनताईंना रडूसुद्धा आलं नाही. मिरजेच्या गोतचाचणी केंद्रातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी चपला काढल्या आणि तळपाय गार फरशीला लावले. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं होती: शालन सूर्यवंशी, जुळणी अपुरी, प्रवास नामंजूर. शेजारचे गृहस्थ त्यांच्याहून जुने नापास होते. ते भिंतीकडे तोंड करून आपला डबा खात होते, कारण केंद्रात दुसऱ्याच्या डब्याकडे नुसतं बघणंही आता वाईट दिसायचं.

प्रवास अडवणाऱ्या या तापाचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याला ‘परका ताप’ म्हटलं आणि तेच नाव जास्त बरोबर निघालं. आधीच्या साथींत विषाणू कुणात असायचा, कुणात नसायचा. नाकात काडी घातली, काही निघालं नाही, की माणूस विमानात बसायला मोकळा. हा विषाणू मात्र सगळ्यांतच होता. आतड्यातल्या जिवाणूंच्या पोटात तो गपचूप राहायचा आणि ज्या जिवाणूंत वाढला त्यांच्याशी त्याचं जमून गेलेलं असायचं. आता माणसाच्या आतड्यात जिवाणूंचं अख्खं गाव वसलेलं असतं, आणि एका चुलीवरचं खाणाऱ्यांची ही गावं बरीचशी सारखी असतात. या सारखेपणाला ‘गोत’ म्हणायला लागले. आपल्या गोतात हा विषाणू फार तर दोन दिवस अंग मोडून काढायचा. एकाच पाण्यावर जगणाऱ्या शेजारपाजाऱ्यांत आठवडाभर झोपवायचा. पण दूरच्या गोतात पडला की बिथरायचा, आणि मग म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाचं काही खरं नसायचं.

म्हणून विमानतळावरचा प्रश्नच बदलला. तुम्हाला रोग आहे का, हे कुणी विचारेना. ज्या घरी निघालात त्या घरचे आहात का, एवढंच विचारायचे. नसाल, तर होऊन या म्हणायचे. त्याचीही सोय निघाली होती. यजमानांच्या घरचे जिवाणू गोळ्यांत भरून पाठवायचे, त्या गोळ्या घेत राहायचं आणि आपलं आतडं त्या घरासारखं करून घ्यायचं. याला ‘गोतफेर’ म्हणत. जिवाणू कुठून काढतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि गोळी गिळताना कुणी त्याचा विचार करत नसे. नियम तर दर पंधरवड्याला बदलायचे. कधी गोळ्या घरी चालत, कधी केंद्राच्या वसतिगृहातच राहावं लागे. सध्या घरी चालत होतं, पण वेगळी चूल, वेगळं अंथरूण, वेगळा संडास.

शालनताईंची लेक सानिका नॉर्वेत, बर्गनला होती. दिवस भरत आलेले. तिथल्या डॉक्टरांनी बिछान्यातून उठायचं नाही म्हणून बजावलेलं. जावई समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, ते महिना महिना तिकडेच. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पोटुशीला गोतफेर करायला सगळ्या जगात बंदी होती. “आई, मला इथं पाणी द्यायला कुणी नाही,” सानिका फोनवर म्हणाली होती, आणि ती कधी काही मागणारी पोर नव्हती. तेव्हा लेक इकडे येणार नाही, तर आई तिकडे जाईल असं ठरलं. ठरवायला काय जातंय!

“काकू, आत या,” डॉक्टर नाझनीन मुजावर दारातून म्हणाल्या. वयानं सानिकाएवढ्याच असतील. डोळ्यांखाली काळं, दिवसभर लोकांना नापास करून दमलेल्या.

“गोळ्या घेता ना वेळेवर?”

“घेते की.”

“मग आतडं वळायला पाहिजे होतं. दुधाला विरजण लावलं की दही लागतंच. तुमचं लागत नाही, म्हणजे कुणीतरी त्यात रोज ताजं दूध ओततंय. रागवू नका, घरचं काही खाता का?”

“अजिबात नाही. माझं वेगळं शिजतं. राणी शिजवते त्यातला शितभर भात मी खात नाही.” राणी म्हणजे शालनताईंच्या नवऱ्याला, आप्पांना, सांभाळायला ब्युरोकडून आलेली बाई. दोन वर्षं घरातच राहत होती, ती घरच्या गोतातलीच झाली होती.

“आणि आप्पांना कोण भरवतं?”

“मीच. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत. पण हातमोजा घालून भरवते. तसं पत्रकात लिहिलंय.”

“ताटात उरतं त्याचं काय करता?”

शालनताईंना प्रश्नच कळला नाही. “उरतं त्याचं काय करणार? दोन-चार घास असतात. अन्न टाकायचं का?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे खाता.”

“खाते म्हणजे… ते काय जेवण झालं?” शालनताई गोंधळल्या. लग्न झालं तेव्हा सासूनं पहिल्या दिवशी नवऱ्याच्या उष्ट्या ताटात वाढलं होतं. तेव्हा राग आला होता, पुढे सवय झाली, मग ताटं वेगळी झाली, आणि आप्पांना झटका आल्यावर ताट परत एक झालं. जेवायला बसणं निराळं आणि उरलंसुरलं पोटात ढकलणं निराळं. पत्रकात ‘घरचे जेवण घेऊ नये’ असं होतं. त्यांनी घेतलं नव्हतं.

डॉक्टर हसल्या, पण लगेच थांबल्या. “काकू, त्यांच्या तोंडातलं रोज तुमच्या पोटात जातंय. तुम्ही बर्गनच्या कशा होणार? हे बंद करा. आणि दुसरं एक आधीच सांगितलंय, परत सांगते. साठीनंतर आतडं एकदा वळतं. परत येताना पुन्हा इकडे वळेल याची हमी मी देणार नाही. माझ्याकडे आलेल्यांत निम्मे परत वळलेच नाहीत. आणि एकदा वळलात की आप्पांच्या खोलीत जायचं नाही. त्यांच्या अंगात आता परका ताप सोसायची ताकद नाही. वळलात की तुम्हीच त्यांना परक्या.”

“म्हणजे एक तर लेक, नाहीतर नवरा.”

“नियमात तसं लिहिलेलं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण होतं तसंच.”

रिक्षात बसून घरी जाताना शालनताईंना आतून हलकं वाटत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली. तीनदा नापास झालो ते बरंच झालं, असं त्यांच्या मनात आलं होतं. आपल्याला ठरवावं लागलं नाही, पोटानं परस्पर ठरवून टाकलं. आता कारण कळलं, म्हणजे ठरवणं परत आपल्याच गळ्यात आलं.

दुपारी त्या मऊ भात आणि मुगाचं वरण घेऊन आप्पांजवळ बसल्या. आप्पांचा उजवा हात गेला होता, जीभ गेली होती, पण कान आणि डोकं शाबूत होतं. चाळीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलेला माणूस. घरात कुठं नळ गळतो ते अजूनही खुणेनं सांगायचा. शालनताईंनी घास केला आणि सवयीनं सगळं सांगून टाकलं. उष्ट्याचं, विरजणाचं, निम्मे लोक परत वळत नाहीत त्याचंसुद्धा.

“ऐकलंत का, तुमच्या उष्ट्यापायी माझं विमान चुकतंय,” त्या हसत म्हणाल्या. “चुकू दे. सानिकाला सांगते, तिकडची एखादी बाई बघ. मी काय जात नाही तुम्हाला सोडून. आ करा.”

आप्पांनी तोंड मिटलं.

“काय झालं? गरम आहे?”

त्यांनी डावीकडे मान फिरवली. शालनताईंनी दुसरा घास केला, लहान केला, ओठाला लावला. ओठ उघडेनात. “नखरे नकोत हं,” त्या म्हणाल्या, आणि मग घास ताटात परत ठेवला. त्या माणसाच्या हातात आता एवढंच उरलं होतं, तोंड उघडायचं की मिटायचं. राणी दारात उभी होती. आप्पांनी तिच्याकडे बघितलं. राणी पुढे आली, शालनताईंच्या हातातलं ताट घेतलं, घास दिला. आप्पांनी घेतला. दुसराही घेतला.

शालनताईंना असं लागलं की काही विचारू नका. एवढी वर्षं दुसऱ्याच्या हातचं न खाणारा माणूस! त्या स्वयंपाकघरात जाऊन मोरीशी उभ्या राहिल्या आणि पोटभर रडल्या. रागानं रडल्या, खरं सांगायचं तर. रात्रीही तेच झालं, दुसऱ्या दिवशी सकाळीही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅग भरली आणि केंद्राच्या वसतिगृहात राहायला गेल्या. निघताना आप्पांच्या पायाला हात लावला. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

वसतिगृहात सगळेच दमलेले. कुणाला मुलगा बघायचा होता, कुणाला गेलेल्या बहिणीचं दिवसकार्य गाठायचं होतं, ते केव्हाच होऊन गेलं होतं. प्रत्येकाचं ताट वेगळ्या रंगाचं आणि खिडकी वेगळी. शालनताई गोळ्या गिळत होत्या, बर्गनहून पाठवलेल्या पिठाच्या जाडजूड भाकऱ्या चावत होत्या आणि रोज राणीला विचारत होत्या, “जेवले का?” राणी म्हणायची, “जेवले की.” तेवढंच बोलून ती फोन ठेवायची.

पुढच्या चाचणीला पडदा हिरवा झाला. डॉक्टर मुजावरांनी स्वतः येऊन सांगितलं आणि हिरवं ओळखपत्र गळ्यात घातलं. शंभरात ऐंशी लागत होते, शालनताईंचे नव्वदच्या पुढे गेले होते. “किती पटकन वळलात बघा,” त्या म्हणाल्या. संध्याकाळच्याच विमानात जागा मिळाली. पास झाल्यावर माणसाला फार वेळ गावात ठेवत नसत, न जाणो, कुणाबरोबर चहा पिऊन बसायचा.

शालनताईंनी घरी फोन लावला, चेहरा दिसेल असा. “राणी, मला पास मिळाला. यांना दाखव बघू मला.”

राणीनं फोन फिरवला, आणि शालनताईंना क्षणभर वाटलं भलत्याच घरी लागला. गालफडं बसलेली, मानेची शीर दिसत होती.

“हे काय गं? तू जेवले म्हणायचीस ना?”

राणी रडायला लागली. “काकू, मला त्यांनी डोळ्यानं दटावलं हुतं. तुमच्या म्होरं घास घ्यायचे, ते गालात धरायचे, तुमी गेला की थुकायचे. तुमी वसतिगृहात गेल्यापासनं नुसती पेज जातीया, तीबी जुलमानं. म्हटलं तुमाला सांगितलं तर तुमी परत याल, आन् मग ह्यांनी येवढं केलं त्ये वाया जायाचं.”

शालनताई उठून दाराकडे निघाल्यासुद्धा. डॉक्टरांनी त्यांचा दंड धरला.

“सोडा मला. पंधरा मिनिटांवर घर आहे.”

“काकू, तुम्ही वळलात. तुमच्या हातचा एक घास आणि चार दिवसांत… हातमोज्यानंसुद्धा नाही. आता नाही.”

“आणि नाही गेले तर उपाशी मरतील.”

डॉक्टरांनी दंड सोडला नाही. शास्त्र त्यांचं सगळं सांगून झालं होतं.

फोन अजून चालू होता. पडद्यावर आप्पा बघत होते. त्यांनी शालनताईंच्या गळ्यातलं हिरवं ओळखपत्र बघितलं, ते बराच वेळ बघितलं, आणि हळूच तोंड उघडलं.

“राणी,” शालनताई म्हणाल्या, “भात आहे का मऊ?”

“हाय.”

“घे ताट. मी सांगते तसं.” त्या परत खुर्चीत बसल्या. फोन टेबलावर टेकवून त्यांनी उजव्या हाताची पाची बोटं जुळवली, रिकामी, आणि पडद्याजवळ नेली. आप्पांनी आ केला. बाजूनं राणीनं घास घातला. आप्पांची नजर शालनताईंवरून हलली नाही. चावलं, गिळलं, परत आ केला. राणीनं एकदा घाईत आधीच घास पुढे केला तर ओठ मिटले. शालनताईंचा हात पुढे आला तेव्हाच उघडले.

गाडीत बसल्यावरही तेच चाललं होतं, कारण आप्पा एक घास फार वेळ चघळायचे. ड्रायव्हर काचेपलीकडून आरशात बघत होता. सानिकाचा मधेच फोन आला, कळा सुरू झाल्यासारखं वाटतंय म्हणाली, आई कधी पोचतेस. “निघाले गं बाळा,” म्हणून शालनताईंनी तो ठेवला आणि आप्पांसाठी परत हात उचलला.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत काचेमागची मुलगी म्हणाली, “आजी, फोन बंद करा. आतल्या कप्प्यात नेटवर्क नाही, थेट उतरल्यावरच.”

“उतरायला किती वेळ?”

“उद्या दुपार.”

शालनताईंनी पडद्याकडे बघितलं. ताट निम्मं व्हायचं होतं. मागची माणसं थांबली होती, सगळ्यांच्याच गळ्यात हिरवी ओळखपत्रं होती.

“अहो, लवकर चावा,” त्या म्हणाल्या, आणि मोठा घास केला.