हिरव्या पट्ट्यांचा वर्ग

"गावित बाई, तुमची पट्टी पुन्हा लाल!" प्रशिक्षण देणाऱ्या वैजयंता भामरे जवळजवळ ओरडल्याच.

चहा नुकताच संपला होता. जिल्ह्याच्या प्रशिक्षण केंद्रात गणिताचे शिक्षक शाळकरी पोरांसारखे बाकांवर बसले होते आणि प्रत्येकाच्या कपाळावर रबरी उमजपट्टी होती. आठवीच्या प्रत्येक वर्गात आता ती असते. डोक्यात गोंधळ चालू असला की मेंदूतल्या विजेच्या लहरी सैरावैरा धावतात, कळलं की संथ होतात. पट्टी ते टिपते आणि लाल किंवा हिरवा दिवा लावते. पोराला काही विचारायलाच नको! कुणाच्या सुपीक डोक्यातून हे खूळ निघालं देव जाणे, पण वरपासून खालपर्यंत सगळे त्या दिव्याच्या नादी लागले होते. वर्षभर लाल राहिलेल्या वर्गाचं बीजगणित जूनपासून बंद, त्यांना नुसतं व्यवहारगणित, असा हुकूमही निघाला होता.

शेवंता गावित यांची आठवी वर्षभर लाल होती. निदान बाईंची स्वतःची पट्टी प्रशिक्षणात हिरवी झाली, तर वर्गाला आणखी एक वर्ष मिळणार होतं. आज प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस होता.

"काय कळलं नाही तुम्हाला?" वैजयंताबाईंनी टेबलावरच्या बोलक्या तराजूकडे हात केला. पारड्यात काही ठेवलं की हा तराजू त्याचं समीकरण भिंतीवर उमटवायचा. एका पारड्यात तीन बंद डब्या आणि दोन चिंचोके होते, दुसऱ्यात चौदा चिंचोके. "डबी म्हणजे क्ष. दोन्हीकडून दोन-दोन काढले, बाराचे तीन वाटे केले. डबीत चार. इतकं सोपं आहे!"

"ते कळलं, मॅडम. पण डब्यांबरोबर चौदा असते आणि समोर दोनच असते, तर? डबीत उणे चार चिंचोके येतात. ते पारड्यात ठेवायचे कसे? माझी पोरं हेच विचारतात. मलाही दाखवता येत नाही, म्हणून आम्ही सगळे मिळून डोकं लावतोय."

"डोकं लावताय आणि दिवा लाल ठेवताय! बाकीच्यांना बरं कळतं?" वैजयंताबाई पुढच्या बाकाकडे वळल्या. "हिलाल सर, सांगा यांना. उणे चार चिंचोके कसे ठेवायचे?"

हिलाल महाजन दचकून उभे राहिले. कपाळावर स्वच्छ हिरवा दिवा होता. "मॅडम, आपण म्हणता ते अगदी बरोबर आहे."

वैजयंताबाई काही म्हणाल्याच नव्हत्या. त्यांनी दोन्ही पारडी रिकामी केली. डावीकडे दोन डब्या आणि पाच चिंचोके ठेवले, उजवीकडे दोन डब्या आणि नऊ चिंचोके. बटण दाबून काटा मधोमध अडकवून टाकला.

"सगळ्या डब्या सारख्या. दोन्ही बाजू समान. डबीत किती चिंचोके? नीट विचार करा."

पाच आणि नऊ समान! शेंबड्या पोरालाही खटकावं. पण हॉलभर हिरवे दिवे शांतपणे तेवत राहिले. लाल एकच होता, शेवंताबाईंचा.

"काय चाललंय हे?" वैजयंताबाईंनी टेबलावर असा हात आपटला की चिंचोके खाली उडाले. "हिलाल सर, खरं सांगा!"

"सत्तावीसचा पाढा, मॅडम." सरांची मान खाली गेली. "मनातल्या मनात म्हटला की पट्टी हिरवी होते. पाठ असलेला कुठलाही पाढा चालतो."

"आणि पोरं?"

"त्यांनाही तेच सांगितलंय. तास सुरू झाला की पाढा सुरू. काय करणार? इन्स्पेक्शनला उत्तर येणाऱ्यांनी उजवा हात आणि न येणाऱ्यांनी डावा वर करायचा, हे आपण नाही का शिकवायचो? तसंच."

वैजयंताबाईंना संताप अनावर झाला. वर्षभर जिल्ह्यातली पोरं बीजगणिताच्या तासाला पाढे घोकत होती आणि जी खरोखर विचार करत होती, त्यांचंच बीजगणित काढून घ्यायला वरचे निघाले होते! लाज कशी वाटली नाही कुणाला? आणि या बाईवर आपण सकाळपासून खेकसतोय!

नेमके तेव्हाच शिक्षणाधिकारी खाचणेसाहेब आत आले. "वा, वा! सगळं हिरवंगार! भामरेबाई, अहवालावर सही करा. गावितांचा वर्ग व्यवहारगणितात टाकला म्हणून लिहा."

"लिहिते. आधी एवढं करा." वैजयंताबाईंनी एक पट्टी उचलून सरळ साहेबांच्या कपाळाला लावली. "दोन डब्या आणि पाच, बरोबर दोन डब्या आणि नऊ. डबीत किती?"

साहेबांनी तराजूकडे नजर टाकली. पट्टी झटकन हिरवी झाली.

"बघा, आम्हालाही जमतं," ते हसले.

"मग सांगा की, किती?"

"ते तुमचं काम. मला पुढे मीटिंग आहे."

"विचारसुद्धा केला नाहीत, साहेब! म्हणून हिरवी झाली ती!" वैजयंताबाई हॉलकडे वळल्या. "ऐका सगळे. पाढे बंद करा. आता, या क्षणी. या तराजूकडे बघा आणि काय चुकलंय ते शोधा."

प्रत्येक पट्टीची नोंद थेट मंत्रालयात उमटते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी हललं नाही. मग हिलाल सरांनी खाली पडलेले चिंचोके गोळा केले, पारड्यात परत ठेवले आणि कपाळाला आठ्या घालून बघत बसले. त्यांचा दिवा लाल झाला.

"मॅडम, यात उत्तरच नाही," ते हळूच म्हणाले. "डब्या काढून टाकल्या, तर पाच बरोबर नऊ उरतं. पण असं समीकरण मुळात मांडता तरी कसं येतं?"

शेजारचे सर वाकून बघू लागले. त्यांचाही दिवा लाल झाला. मग मागच्या बाकावरच्या बाईंचा झाला. कुणीतरी डबी उघडून पाहिली, कुणीतरी काटा सोडा म्हणालं, दोघांत वादही जुंपला. बघता बघता अख्खा हॉल लाल झाला आणि शेवंताबाई पदराने डोळे टिपत हसायला लागल्या.

खाचणेसाहेबांचा फोन वाजू लागला. वरूनच होता. "अहो, हे काय करून ठेवलंत? मी काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांगा," वैजयंताबाई म्हणाल्या. "आणि त्यांनाच विचारा, आता कुणाकुणाचं बीजगणित बंद करणार?"