काकूंची निलगिरी

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक सोडून. बरं, दोन असतील, ऐका तर.

२००७चा जानेवारी. इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूला वीणाकाकूंचं इडलीपात्र परत करायला गेलो होतो. दुपारच होती, पण आभाळ इतकं खाली उतरलेलं की गाडीचे दिवे लावावे लागले. बर्फ पडून थांबलेला. अशा वेळी सगळे आवाज मरतात. आपल्याच बुटांखालची करकर तेवढी ऐकू येते. गाडीतून उतरलो आणि वास आला. सर्दी झाली की रुमालावर टाकतात ना, तो. निलगिरीचा.

काकूंच्या अंगणात बर्फात तगणाऱ्या जातीची निलगिरी होती. प्रल्हादकाकांनी रोप लावलं तेव्हा सगळे म्हणाले, थंडीत मरेल. झाड छपरापर्यंत गेलं. काका दम्यानं गेले. डिसेंबरच्या वादळात कॉलनीतली मोठमोठी फरची झाडं आडवी झाली, ही जागची हलली नाही. तरी कॉलनीच्या असोसिएशननं धोकादायक ठरवलं ते हिलाच.

काकू बुंध्याला पाठ लावून खुर्चीत बसलेल्या. जाकिटावर शाल. समोर झाड कापायला आलेला स्कॉट, हातात घरघरणारी करवत.

"गुरुनाथ, ह्याला इंग्लिशमधे सांग, आधी मला काप."

"काकू, आत चला ना. केस करतील ते."

"करू देत! तीस वर्षं ह्या देशात सॉरी सॉरी म्हणत काढली. आज नाही म्हणणार."

स्कॉट वळसा घालून मागून गेला. पातं सालीला टेकलं... वास असा उसळला की डोळ्यांत पाणी आलं. आणि झाड खोकलं. आधी कोरडं, मग छातीत शिट्टी वाजल्यासारखं... अगदी काकांसारखं.

काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "अहो, मी बसलेय इथे," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी हात लावत नाही तुम्हाला."

स्कॉट निघून गेला. असोसिएशनला दुसरा माणूस मिळेना. निलगिरी अजून उभी आहे.

आता कबूल करतो. खोकला माझ्या पदरचा. खरं सांगितलं की लोक हसतात, म्हणून घातला. काकूंचे ओठ मिटलेले होते, मी बघत होतो, आणि बुंध्यातून काकांचा आवाज आला, स्वच्छ मराठीत, "खाली ठेव ते."

मला कळलं यात नवल नाही. पण स्कॉटला मराठीचा गंधही नव्हता. तो म्हणाला, "यस सर," आणि करवत बर्फात ठेवली.