रिकामं म्हणजे रिकामं

"ज्या कोणी हा एडिटर बनवलाय ना, तो माणूस मला एकदा भेटू दे!"

डहाणू रोड स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर वर्षा हे जरा मोठ्यानेच म्हणाली. मांडीवर लॅपटॉप, बाकावर शेजारी पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, आणि ऊन असं, की मार्च आहे की मे ते कळू नये.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलाने चहाचा ग्लास खाली ठेवला. "भेटला तर काय करणार?"

"विहिरीत ढकलणार."

"कुठल्या?"

"हरिश्चंद्रच्या! दुसरी आहे कुठे? ह्याच्या लेखी अख्ख्या मसोलीतल्या विहिरी हरिश्चंद्रच्याच आहेत."

मुलगा हसला... आणि मधेच थांबला. त्याने वाकून स्क्रीनकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हरिश्चंद्र माझे काका," तो म्हणाला. "आणि एडिटरमधले ते प्रश्न... तुमच्या संस्थेसाठी मी लिहिलेत. ओंकार."

वर्षाने त्याला नीट पाहून घेतलं. दिसायला बरा होता. त्यामुळे राग आणखीच वाढला.

वर्षा तलासरीकडच्या झरीची. रसायनशास्त्रात बीएस्सी करून डहाणूतल्या पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत लागलेली. विहिरींच्या पाण्यात मीठ किती उतरलंय ते मोजायचं. आधी समुद्राकाठची मसोली, मग तलासरीकडची गावं. नोकरी तिने धरली होती ती त्या दुसऱ्या भागासाठी. झरीच्या विहिरींत आजवर कोणी मीटर बुडवला नव्हता. तो तिला स्वतःच्या हाताने बुडवायचा होता.

प्रत्येक दारात ती लॅपटॉपवर नोंदी भरायचा तो एडिटर उघडायची. एक कळ दाबली की खालच्या ओळीत प्रश्न यायचा: विहीर कोणाची? उत्तर लिहायचं, एन्टर मारायचा, की पुढचा प्रश्न. पहिल्या घरी स्वतः हरिश्चंद्र भेटले, त्यांनी नाव सांगितलं. त्यानंतर मात्र भरदुपारी घरोघर बायकाच. पुरुष वाडीत, नाहीतर वापीला कामावर.

"विहीर कोणाची, काकी?"

"आमच्या ह्यांची."

"ह्यांचं नाव?"

यावर काकी पदर तोंडाला लावून नुसत्या हसायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे काय! वर्षा ती जागा रिकामी सोडायची, नंतर शेजारी विचारू म्हणून, आणि एन्टर मारायची. प्रश्नापुढे कंसात 'हरिश्चंद्र' दिसायचं, पण तिला तो नमुना वाटला होता.

"रिकामा एन्टर मारला की तो मागचंच उत्तर घेतो," ओंकार समजावू लागला. "सोय आहे ती. एकाच माणसाच्या दोन विहिरी असल्या तर परत लिहायला नको."

"बाटली रिकामी आली तर मी तिच्यात मागच्या विहिरीचं पाणी ओतून तपासते का?"

"नाही..."

"मग? रिकामं म्हणजे रिकामं!"

"कंसात दाखवतो ना पण, काय धरणार ते."

"कंसात नुसतं हरिश्चंद्र! त्यावरून मी काय समजायचं? शपथ घ्यायचीय?"

ओंकारने टपरीकडे मान वळवली. मग म्हणाला, "चहा घेणार?" आणि ती हो-नाही म्हणायच्या आत टपरीवाल्याला सांगूनही टाकलं, "एक साखर जास्त."

"बिनसाखरेचा," वर्षा दात आवळून म्हणाली. "तुम्हाला ही सवयच आहे वाटतं."

संस्थेच्या नूतनताईंनी तिला सकाळीच बजावलं होतं. रविवारी मसोलीत सभा, तिथे कुठली विहीर पिण्यायोग्य नाही ते नावानिशी सांगायचं. तोवर नोंदी सुधारल्या नाहीत, तर तलासरीचं काम दुसऱ्या कोणाला.

"मसोलीतल्या सगळ्यांचे नवरे मला माहीत आहेत," ओंकार म्हणाला. "इथेच बसून सांगतो."

"तुमच्या आठवणीवर नको. दारात जाऊन."

"मग मी येतो. चूक अर्धी माझी आहे."

"अर्धी?"

"पाऊण," तो म्हणाला, आणि इतका गंभीर चेहरा करून की वर्षाला हसू दाबावं लागलं.

कुठली नोंद कुठल्या दाराची हे तिला क्रमाने आठवत होतं. ओंकारच्या स्कूटरवर मागे बसून, मधे बाटल्यांची पिशवी घट्ट धरून, ती पुन्हा मसोलीत शिरली. कुंपणापलीकडून पिकत घातलेल्या चिकूंचा गोड, जडसा वास येत होता. त्यात समुद्रावरून सुकत्या बोंबलांचा वास मिसळायचा. वाऱ्याने तिची ओढणी त्याच्या खांद्यावर जायची, ती ओढून घ्यायची... पुन्हा जायची.

"राहू दे की," तो पुढे बघत म्हणाला.

"गाडीकडे लक्ष द्या."

नावं मिळवायची युक्ती बायकांनीच काढली. "सरिता, अगं, आमच्या ह्यांचं नाव सांग गं हिला!" असं कुंपणावरून ओरडायचं. सरिता नाव सांगायची, वर आणखी एक चिमटा काढायची, "घोरतात तेच ना?", आणि मग सरिताच्या नवऱ्याचं नाव ह्या काकी सांगायच्या. वर्षा लिहीत होती, ओंकार बाटल्या धरत होता. दुपारपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांपैकी कोणालाच सांगता आलं नसतं.

"तू हसतेस तेव्हा—"

"बाटली तिरकी धरलीयस."

हरिश्चंद्रकाकांची नोंद बरोबर होती, तिथे जायचं कारण नव्हतं. पण ओंकारला तहान लागली. काका वाडीत होते. ओट्यावर बकुळाकाकू, त्याची चुलती, चिकू निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर्षाला एकदा नखशिखांत पाहिलं आणि चेहरा खुलला.

"बरं झालं आणलीस. चिकू उतरवायला माणसंच मिळत नाहीत. कुठली गं, तलासरीची ना? मागच्या दाराने जा, टोपल्या तिकडे आहेत."

वर्षाने ओंकारकडे पाहिलं. हातात पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर, खांद्याला लॅपटॉप, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, आणि काकूंना दिसली ती टोपली. ओंकार काहीतरी बोलणार असं वाटलं...

"काकू," तो म्हणाला, "जरा पाणी दे ना."

बस. एवढंच.

"मी मजुरीला नाही आले, काकू," वर्षा शांतपणे म्हणाली. "रविवारच्या सभेत विहिरींचं सांगणार आहे, ती मी." आणि पाण्याची वाट न पाहता ती चालू लागली.

सुरूच्या बनापाशी तो धापा टाकत पोचला. "वर्षा, ऐक तरी! काकू जुन्या वळणाची आहे. मनात काही नसतं तिच्या."

"काकूंवर मी चिडलेच नाहीये."

"मग?"

"तू गप्प राहिलास. माझ्या नावापुढची जागा रिकामी सोडलीस, ओंकार. आणि रिकामी सोडली की लोक मागचंच धरतात. माझी आई चिकू उतरवायला येते इथे, मावशी येते. त्यात लाज काही नाही. पण मी कोण ते तुला माहीत होतं. तुला!"

"वाद नको वाटला..."

"हो ना. सोय!"

सुरूच्या काड्यांमधून वारा सूं सूं करत राहिला. ती रस्त्याकडे वळली. रिक्षा मिळेपर्यंत तो दहा पावलं मागून चालत आला. त्याचा तिला आणखीच वैताग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला तर ओंकारने रातोरात एडिटर बदलला होता. विहीर कोणाची? पुढे कंस नाही, काही नाही. तिने मुद्दाम रिकामा एन्टर मारला. नोंदीत आलं: विचारलं, उत्तर मिळालं नाही. मागचं उत्तर हवंच असेल तर खालच्या बाणाची कळ दाबून मागवावं लागत होतं. आपण होऊन ते आता पुढे येत नव्हतं. तिने तीन-चार प्रकारे तो फसवून पाहिला. फसला नाही.

काम चोख होतं. त्याने फोन मात्र केला नाही. चोख कामाने कोणाला बरं वाटतं का? वर्षाला वाटलं नाही.

रविवारी शाळेच्या पटांगणात गाव जमलं. नूतनताई पुढे बसल्या, वर्षा एकेक नाव वाचत गेली. शेवटी तिने श्वास घेतला. "हरिश्चंद्र यांची विहीर. मीठ फार आहे. पिण्यासाठी वापरू नये."

कुजबुज झाली. हरिश्चंद्र उठले. चिडले नव्हते, उलट हसत होते, आणि ते जास्त वाईट होतं.

"पोरी, मागच्या आठवड्यात तर तुझ्या यंत्रात सगळ्या विहिरी माझ्या होत्या म्हणे. मग ही खारी तरी माझीच कशावरून?"

सगळे हसले. नूतनताईंनी वर्षाकडे पाहिलं. झरीच्या विहिरी एका क्षणात लांब गेल्या...

"काका."

ओंकार मागच्या रांगेत उभा होता. आवाज पुढच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. "ती चूक यंत्राची, आणि यंत्र माझं. उत्तर नसलं की मागचं नाव धरायचं, असं मी लिहून ठेवलं होतं. वर्षाने ते पकडलं, दारोदार जाऊन प्रत्येक नाव पुन्हा विचारलं. त्या दिवशी आपल्या ओट्यावर तिला मजुरीला आलेली समजलं गेलं, तेव्हाही मी गप्प राहिलो. तीही माझीच चूक. ती रसायनशास्त्र शिकलीय. तिचं मोजमाप बरोबर आहे."

हरिश्चंद्रांचं हसू अर्ध्यावर राहिलं. वर्षाने मीटर वर धरला. "आत्ता पाणी आणा. सगळ्यांसमोर बघू."

"आणायचं कशाला?" बायकांमधून बकुळाकाकूंचा आवाज आला. "खारीच आहे. दिवाळीपासून डाळ शिजत नाही माझी. मला विचारलं का कोणी?"

यावर जे हसणं झालं त्यात हरिश्चंद्रही शेवटी सामील झाले. नूतनताई वर्षाच्या कानाशी वाकल्या. "सोमवारी झरीला निघ. मीटर जपून ने."

पटांगण रिकामं झालं. ओंकार स्कूटरपाशी किल्लीशी चाळा करत उभा होता.

"तर सोमवारी आपण साडेसातला—" तो म्हणाला.

"आपण?"

"म्हणजे... मी धरून चाललो की—"

"ओंकार!" तिने कपाळाला हात लावला. "विचार ना रे बाबा! तोंडाने विचार!"

त्याने किल्ली खिशात टाकली. "वर्षा, मला तू आवडतेस. खूप. तुला मी आवडतो का?"

ती काही बोलली नाही. मुद्दामच. त्याला ही शांतता कशाने तरी भरायची घाई होईल, 'राहू दे' म्हणेल, विनोद करेल, असं तिला वाटलं. पण तो नुसता उभा राहिला. नजर न हलवता, उत्तर नसलेल्या जागेला हात न लावता.

"आवडतोस," ती म्हणाली. "वैताग आणतोस, पण आवडतोस."

त्याचा चेहरा असा काही उजळला, की तिला दुसरीकडे बघावं लागलं.

"आणि झरीला माझी आई विचारेल, हा कोण? तेव्हा? पाणी मागशील?"

"सांगेन. माझं हिच्यावर प्रेम आहे, म्हणून. आणि एडिटर मीच बिघडवला होता, म्हणून."

"पहिलं पुरे," वर्षा म्हणाली, आणि स्कूटरवर मागे बसली.