सी ड्राइव्हमधली जागा कोण खातं?

“माझ्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी शिरतंय,” खुर्चीत टेकायच्या आधीच नकाशेवाले म्हणाले.

ते निवृत्त नकाशाकार. बायको गेल्यापासून एकटेच राहत. आयुष्यभर काढलेले नकाशे स्कॅन करून संग्रहालयाला द्यायचे, हे काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. पण सी ड्राइव्ह सारखा भरायचा. परवा तर एक नकाशा सेव्ह होता होताच बिघडला.

“भरला की काय करता?” ताईंनी विचारलं. ताई खासगी तपासाची कामं घेत. धाकटा भाऊ सोबत असे. बोलायला पुढे, समजायला मागे.

“लेकीला फोन करतो. ती रविवारी येते, नको ते काढते, रिसायकल बिन रिकामा करते. थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा लाल पट्टी.”

“एरवी फोन होतो?”

“उगाच कशाला? ती तिच्या कामात असते.”

ताई आधी नकाशेवाल्यांचा कॉम्प्युटर बघणाऱ्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेल्या.

“मी डी ड्राइव्हची मोकळी जागा कापून सीला जोडली,” तो म्हणाला. “सी दुप्पट झाला. नकाशे कितीही येऊ देत, दोन वर्षं बघायला नको होतं.”

“नंतर गेला होता?”

“बोलावलंय कुणी?”

वरच्या मजल्यावरचा भाडेकरू लग्नांचे व्हिडिओ काढायचा आणि अधूनमधून खाली येऊन नकाशेवाल्यांच्या कॉम्प्युटरवर बसायचा. भावाने ताईंना कोपराने ढोसलं.

“माझं सगळं माझ्या हार्ड डिस्कवर असतं,” भाडेकरू म्हणाला. “खाली फक्त बिलं छापतो. तेही रविवार सोडून. रविवारी मी कुठल्या ना कुठल्या हॉलवर उभा असतो.”

राहिली लेक. ताईंनी फोन करून सांगितलं, सी ड्राइव्ह पुन्हा भरलाय.

“मी निघू का?” ती लगेच म्हणाली.

“जागा वाढवली तेव्हा तुम्ही होता?”

“नाही. पुढच्या रविवारी जाऊन बघितलं, नीट केलंय की नाही ते. बाबा माझ्यासाठी खाऊ आणायला बाहेर गेले होते.”

ती येईपर्यंत ताई कॉम्प्युटरसमोर बसल्या. लपवलेले फोल्डर दिसतील अशी खूण केली आणि बराच वेळ शोधलं.

लेक आली. दारातच चप्पल काढून तिथेच उभी राहिली.

“भाडेकरूच ना?” भाऊ कुजबुजला.

“नाही रे. सी ड्राइव्हच्या आत एक लपवलेला फोल्डर आहे. त्यात मोठमोठे व्हिडिओ आहेत. ते कॉपी झाल्याची प्रत्येक तारीख रविवारची. भाडेकरू रविवारी नसतो. दुरुस्तीवाला जागा वाढवल्यावर फिरकला नाही, आणि सगळ्यात मोठी भर पडली ती त्याच्या पुढच्या रविवारी. वाढलेली जागा जवळपास सगळी भरेल इतकी. उरलेल्या जागेत थोडे नकाशे गेले की लाल पट्टी.”

“पण रविवारी तर साफ करायला...” भाऊ थांबला.

“हो. आणि फोनवर मी भरलाय म्हटलं, तर त्यांनी ‘कसा काय’ असं विचारलं नाही. दोन वर्षं पुरणारी जागा संपली याचं आश्चर्यच नाही. ‘निघू का’ एवढंच विचारलं.”

नकाशेवाले लेकीकडे बघत राहिले. “असे कसले व्हिडिओ?”

ताईंनी एक लावला. एक खोली. खिडकी, तिच्यासमोर खुर्ची. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. भिंतीवरचं ऊन हळूहळू सरकलं आणि गेलं. आवाज फक्त पंख्याचा.

“ही खोली कुणाची?” नकाशेवाल्यांनी विचारलं.

“माझी,” लेक म्हणाली. “काहीतरी मोठं हवं होतं भरायला. जुन्या फोनचा कॅमेरा चालू ठेवून ऑफिसला जायचे.” मग खाली बघत म्हणाली, “तुमचा नकाशा बिघडेल असं वाटलं नव्हतं, बाबा. तुम्ही बोलावता ते एवढ्यासाठीच. दुरुस्तीवाल्याने जागा वाढवली म्हणालात, तेव्हा मला काही सुचेना.”

नकाशेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पडद्यावरची खोली नीट पाहिली. लेक तिथे राहायला गेल्यापासून पहिल्यांदाच.

“मी येऊ का तुझ्याकडे? आत्ता?”

“खुर्ची एकच आहे तिथे.”

“मग वाटेत दुसरी घेऊ,” असं म्हणून ते शर्ट बदलायला आत गेले.