मागचा उजवा स्पीकर

बिट्टी गेल्यावर काही महिन्यांनी तिच्या नवऱ्याने तिच्या वस्तू खोक्यांत भरून ताईकडे पाठवून दिल्या. "घरात समोर दिसल्या की बघवत नाही," असं तो फोनवर म्हणाला. कपडे होते, पुस्तकं होती, आणि दोघांनी धरून आणावं लागलं असं एक जड खोकं होतं. त्यात तिचा होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे आवाजाचं मुख्य यंत्र, आणि त्याचे पाच स्पीकर होते, तीन समोर ठेवायचे आणि दोन मागे.

बिट्टी ही ताईची धाकटी बहीण, पक्की सिनेमावेडी. तो रिसीव्हर घेण्याआधी महिनाभर तिने ताईचं डोकं खाल्लं होतं. भारीतला परवडत नाही आणि स्वस्तातला कानाला पटत नाही, म्हणून मधल्या किमतीतला. पण मधल्यातला कोणता, यावर ती जेवण गार होईपर्यंत बोलायची. ज्यांनी ज्यांनी तो घेतला होता त्या अनोळखी लोकांची मतं तिने इंटरनेटवर वाचून काढली होती. तापतो फार, रिमोटची बटणं मुंगीएवढी, पण माणसाचं बोलणं शब्दन्‌शब्द कळतं, असं सगळ्यांचं म्हणणं. घरी आणल्यावर तिलाही तेच पटलं. "एकदा येऊन ऐक गं," ती ताईला म्हणायची. ताईचं जाणं राहून गेलं.

बिट्टीला लहानपणापासून दमा होता. एका रविवारी दुपारी ती अंघोळीला गेली आणि बाथरूममध्येच तिला झटका आला. तोंडात मारायचा पंप बेडरूममध्ये राहिला होता. नवरा हॉलमध्ये सिनेमा बघत होता. सिनेमा संपल्यावर त्याने दार वाजवलं, मग फोडलं.

"आवाज मोठा होता, ताई," तो रडत रडत म्हणाला होता. "तिचा तो रिसीव्हर, भिंती हलतात नुसत्या. मला काही ऐकूच आलं नाही."

पोलिसांनी तसंच लिहून घेतलं. नातेवाइकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ताईचं काम डोळे तपासण्याचं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती दिवसभर भिंगं बदलत विचारायची, हे बरं की ते. चष्मा हवा म्हणून मुलं खोटं बोलतात आणि नको म्हणून म्हातारे, हे तिला समोरच्याच्या पापण्यांवरून कळायचं. पण त्या दिवशी तिने मेहुण्याच्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही. स्वतःचेच पुसत बसली होती. नवरा-बायकोचं पटत नव्हतं, हे उडत उडत तिच्या कानावर होतं. पण कुणाचं सगळं पटतं?

ताईचा नवरा पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर, यंत्र दिसलं की बाह्या सरसावणारा. मेहुण्याला तो पाठीमागे 'मिठ्ठू' म्हणायचा, इतकं त्याचं बोलणं गोड.

"मिठ्ठूने चांगली वस्तू दिली," तो तारा सोडवत म्हणाला. "नुसती पडून गंजायची. लावून टाकू."

ताईला ते नको होतं, पण नाही म्हणायला कारण सुचेना.

असा रिसीव्हर लावला की आधी त्याला खोलीची ओळख करून द्यावी लागते. बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर, त्याच्याबरोबर आलेला छोटा माइक ठेवायचा. मग तो एकेका स्पीकरमधून टुर्र टुर्र असा आवाज सोडतो आणि कोणता स्पीकर किती लांब आहे ते मोजून घेतो. तोवर घरात चिडीचूप. नवऱ्याने सोफ्यावर उशांचा ढीग रचून त्यावर माइक ठेवला, पंखा आणि फ्रिजही बंद केला, आणि दोघं दाराशी लहान मुलांसारखी श्वास रोखून उभी राहिली.

चार स्पीकर यंत्राने बरोबर मोजले. मागचा उजवा मात्र चुकला. तो सोफ्यावरून हात लांबवला की लागेल इतका जवळ होता, आणि रिसीव्हर म्हणत होता की तो हॉलच्या भिंतीच्याही पार पलीकडे आहे. नवऱ्याने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच.

"पडद्यांनी भुलवलं असेल," तो म्हणाला. "हाताने आकडा बदलतो."

बदललेला आकडा दुसऱ्या दिवशी आपोआप पूर्वीसारखा झाला होता.

ताईचं दुकान दुपारी बंद असायचं. ती घरी येऊन जेवायची आणि काहीतरी लावून लवंडायची. पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. आवाज खरोखरच छान होता. बिट्टी म्हणायची तशी माणसं शेजारी बसून बोलल्यासारखी वाटायची. मग एका दुपारी सिनेमातला माणूस बोलता बोलता बारीक होत गेला. रिसीव्हरच्या तोंडावरचा आवाजाचा आकडा एकेकाने उतरत होता. रिमोट टेबलावर होता, ताईचे हात मांडीवर. आकडा उतरत उतरत इतका खाली आला की पडद्यावरची भांडणं कुजबुजीसारखी वाटू लागली. तिथे तो थांबला.

तिने तो वाढवला. तो पुन्हा उतरला.

नवऱ्याने स्वतः बसून पाहिलं, मग रिसीव्हर उचलून मेकॅनिककडे नेला. मेकॅनिकने तो दोन दिवस चालवून पाहिला, आतली धूळ उडवली आणि ठणठणीत आहे म्हणून परत दिला. "आवाज कमी होतोय ना, वाढत तर नाही," नवरा म्हणाला. "शेजारी दुवा देतील."

त्यानंतरच्या एका दुपारी, आवाज तसाच तळाला गेलेला असताना, ताईला मागून पाणी पडल्याचं ऐकू आलं. नळ राहिला असेल म्हणून ती उठली. नळ बंद होते. ती परत आली तेव्हा पाणी अजून पडत होतं, बादलीत पडावं तसं, आणि ते मागच्या उजव्या स्पीकरमधून येत होतं. पडद्यावर तेव्हा वाळवंट होतं.

तिने स्पीकरला कान लावला. तिथे आवाज मोठा होईल असं तिला वाटलं, पण झाला नाही. तो लांबूनच येत राहिला, एखाद्या बोळाच्या टोकाकडून यावा तसा. तिला बिट्टीचं घर आठवलं. हॉल, मग अरुंद पॅसेज, आणि त्याच्या टोकाला बाथरूम.

पाणी थांबलं. कुणीतरी खोकलं.

तो खोकला ताईने अख्खं लहानपण एका अंथरुणात ऐकला होता. आधी कोरडा, मग लांबत जाणारा, आणि शेवटी छातीत शिट्टी वाजल्यासारखा सूर. ती जमिनीवर बसली.

"अरे," मागून बिट्टीचा आवाज आला. "जरा येतोस का?"

पडद्यावर कुणीतरी कुजबुजत होतं. त्या कुजबुजीच्या वर बिट्टीची हाक स्वच्छ ऐकू येत होती.

"अरे, पंप दे ना."

मग समोरच्या मधल्या स्पीकरमधून, अगदी जवळून, सोफ्यावर बसलेल्या माणसाने घसा खाकरला.

"आलो," तो म्हणाला.

आवाज मेहुण्याचा होता. गोड, शांत.

सोफा करकरला नाही. पावलं वाजली नाहीत. रिसीव्हरवरचा आकडा मात्र चढू लागला. एकेकाने, सावकाश, कुणी बटण दाबून धरावं तसा. सिनेमातलं संगीत वाढलं, मग धडधडू लागलं, मग कपाटाची काच थरथरली, आणि मागच्या त्या लांबच्या हाका त्याखाली बुडून गेल्या.

ताईने भिंतीतला प्लग ओढून काढला. मग उठली, तोंड धुतलं आणि दुकानात गेली. त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखे सगळ्यांचे डोळे तपासले. एकही नंबर चुकला नाही.

नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. पोलिसांकडे जाऊन काय सांगणार, रिसीव्हरने साक्ष दिली म्हणून? तिने आणखी दोन-तीनदा तो दुपारी लावून पाहिला. दर वेळी पाणी, खोकला, हाक, आणि तो 'आलो'. शेवटच्या वेळी तिने रडणं आवरलं आणि यंत्रापाशी जाऊन हलक्या आवाजात विचारलं, "बिट्टी, तुला घरी जायचंय का?"

आकडा उतरला आणि पार शून्यावर जाऊन थांबला.

रविवारी दोघं नवरा-बायको खोकं घेऊन मेहुण्याच्या दारात उभी राहिली. त्याची आई आता त्याच्याकडेच राहायला आली होती. हॉलमध्ये भिंतभर नवीन टीव्ही होता.

"ताई, हे कशाला?" खोक्याकडे बघून तो म्हणाला. त्याचं हसू जागच्या जागी राहिलं.

"बिट्टीची वस्तू," ताई म्हणाली. "तिच्या घरातच बरी दिसते."

"अहो, पण मी..."

"राहू दे की रे," त्याची आई आतून म्हणाली. "एवढं जड घेऊन जिने चढलेत बिचारे."

ताईच्या नवऱ्याने तारा जोडल्या. सोफ्यावर, मेहुण्याच्या बसायच्या जागी, उशांवर माइक ठेवला. सगळे गप्प उभे राहिले. टुर्र टुर्र असे आवाज खोलीभर फिरले. मग पडद्यावर आकडे उमटले. चार बरोबर होते.

मागच्या उजव्या स्पीकरपुढे शून्य होतं.

"हा काय चावटपणा आहे," नवरा पुटपुटला. "म्हणजे स्पीकर काय कानाला चिकटलाय?"

तो पुन्हा मोजायला वाकला. ताईने त्याच्या हातून रिमोट घेतला आणि 'कायम ठेवा'चं बटण दाबलं.

"चालेल," ती म्हणाली.

पहिला फोन दोनच दिवसांनी आला. आवाज आपोआप कमी होतो, असं मेहुणा म्हणत होता.

"आमच्याकडे छान चालायचा," ताई म्हणाली.

दुसऱ्या फोनवर त्याच्या बोलण्यातली साखर उतरली होती. "ताई, परत घेऊन जा तो. मी पाया पडतो."

"दिलेली वस्तू परत कशी घेऊ?"

"तुम्हाला..." तो थांबला. "तुमच्याकडे काय ऐकू यायचं?"

"तुम्हाला ऐकू आलं होतं तेच."

ताईने फोन ठेवला आणि समोरच्या बाईंना म्हणाली, "हं, आता खालची ओळ वाचा."

मग कळलं की त्याने रिसीव्हर आणि पाचही स्पीकर भंगारवाल्याला देऊन टाकले. बिट्टीही त्यांच्याबरोबर गेली की काय, अशी ताईला हुरहूर लागली. पण फोन आला तो त्याच्या आईचा. मुलाला ऐकू येईनासं झालं होतं. एक कान गेला, मागोमाग दुसरा. कानाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. कारण सापडेना. शेजारच्या खोलीत भांडं पडलं काय आणि कानाशी ढोल वाजला काय, त्याला सारखंच.

"एकदा येऊन जा गं," आई म्हणाली. "तुझ्यावर जीव आहे त्याचा."

ताई गेली. मेहुणा पॅसेजमध्ये, बाथरूमच्या दाराला खेटून ठेवलेल्या खुर्चीत बसला होता. दाढी वाढलेली. गुडघे सुजून पँटमधून दिसत होते.

"सारखा उठून जातो तिकडे," आईने सांगितलं. "दिवसभर ये-जा. पाय गेले त्याचे. म्हणून मीच खुर्ची इथे आणून ठेवली, तेवढेच हेलपाटे वाचतील." ती पदराने डोळे टिपत चहा टाकायला गेली.

ताईला पाहून तो हसला. घरात पूर्ण शांतता होती. तेवढ्यात त्याची मान उजवीकडे वळली, जणू खांद्यापाशी कुणी बोललं.

"आलो," तो म्हणाला. लगबगीने उठला, भिंतीला धरून दारापाशी गेला, दार उघडलं, आत डोकावला. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग दार लोटून परत येऊन बसला.

त्याच्या मांडीवर पाटी होती. ताईने खडू घेऊन लिहिलं, 'काय म्हणते?'

"हाक मारते," तो म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो फार मोठ्याने बोलत होता. "पंप मागते. मी लगेच जातो, ताई. तुमची शपथ, एकदाही उशीर करत नाही. दार उघडतो. मग ती म्हणते, तू नाही."

ताईने पाटी पुसली.

"तू नाही, म्हणते. आणि लगेच पुन्हा हाक मारते." त्याने ताईकडे पाहिलं. त्याच्या पापण्या अजिबात हलल्या नाहीत. हे खरं होतं.

मान पुन्हा वळली. "आलो," म्हणत तो उठला.

तो दारात पाठमोरा उभा असताना ताईने त्याची खुर्ची उचलली. आवाज होऊ नये म्हणून जपायची गरज नव्हती, तरी तिने ती अलगद नेली. पॅसेज ओलांडून, हॉल ओलांडून, पार बाल्कनीच्या काचेपाशी ठेवली. बाथरूमपासून याहून लांबची जागा त्या घरात नव्हती.

मग ती चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेली.