पाटलांची विझणारी शेगडी

सुंदरीबाई पाटलांनी उदबत्ती लावायला काडी ओढली आणि स्वयंपाकघरात भडका उडाला. शेजारणी धावल्या, म्हातारीला मिरजेच्या इस्पितळात हलवलं आणि रुग्णवाहिका वळणापलीकडं जायच्या आत गल्लीनं निकालही देऊन टाकला. निम्म्या गल्लीच्या मते हे सुनेचं काम होतं. उरलेल्यांच्या मते तिच्या सवतीचं. सवत मेलेली होती, एवढीच काय ती अडचण.

सांगलीतल्या या नव्या वसाहतीत फौजदार संयोगिता मोहिते पोचल्या तेव्हा स्वयंपाकघरात जळक्या कापडाचा वास होता. भिंत काळवंडली होती. ओट्यावरची शेगडी मात्र शाबूत होती, आणि तिची दोन्ही बटणं चालू होती म्हणून शेजारणीनं ती बंद केली होती.

सून त्रिशला दाराशी उभी होती.

"शेगडी कुणी पेटवली?" संयोगितांनी विचारलं.

"मीच. एकीकडं पाणी, एकीकडं डाळ. मग गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. ज्योत चांगली होती, मॅडम."

"उतू जाऊन विझली असंल."

"शेगडी कोरडी आहे, बघा ना." तिनं आवाज खाली आणला. "ती अधूनमधून विझतेच. पाइपचा गॅस आल्यापासून."

"वाऱ्यानं?"

"खिडकी बंद असते. उदबत्तीचा धूर सरळ वर जात असतो आणि दोन्ही ज्योती एकदम जातात. पहिल्यांदा झालं तेव्हा आत्ती, म्हणजे सासूबाई, किंचाळल्या, माया आली म्हणून. आमच्या ह्यांची पहिली बायको, कोरोनात गेली. माझं लग्न झाल्यापासून या घरात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं."

"आणि सासूबाईंना गॅसचा वास आला न्हाई?"

"त्याच आजारात त्यांचा वास गेला, तो परत आलाच नाही."

"रोज विझायची?"

"नाही. मध्ये पंधरवडाभर एकदाही विझली नाही. मामंजी बाहुबलीला दर्शनाला गेले होते. आत्ती म्हणाल्या, त्यांच्या पुण्याईनं माया शांत झाली. ते परत आले आणि दोन दिवसांत पुन्हा सुरू झालं."

एवढ्यात तिचा नवरा अरिहंत आला. भडक्याच्या वेळी तो खताच्या दुकानात होता, आणि तिथून थेट इस्पितळात जाऊन आला होता. बायकोकडं न बघताच तो म्हणाला, "मॅडम, तक्रार लिहून घ्या. हिनं गॅस सोडला. आईशी हिचं पटत नव्हतं."

मेलेल्या सवतीशी भांडता येत नाही, आणि जिवंत नवऱ्यापुढं त्रिशलाचं काही चालेना. संयोगितांना तिची कीव आली. पण कीव येऊन कुणाची कोठडी टळत नाही.

"उद्या सकाळी लिहू," त्या म्हणाल्या. "तोवर हिला कुणी हात लावायचा न्हाई."

मीटर घरात नव्हता. तो बाहेर होता, घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या अरुंद बोळात. तो बसवणाऱ्या बिराप्पाला बोलावून घेतलं.

"बाहेर का बसवलास?"

"मी आत ओट्याशेजारी सांगितलं हुतं, मॅडम. आकडा वाचायला सोपं. पर आजीचं सोवळं लय कडक. परक्या माणसानं सैपाकघरात पाय ठेवायचा न्हाई. मग ह्यो बोळ ठरला. मीटरशेजारी ही पिवळी दांडी हाय. पाइपाच्या रेषेत असली की गॅस चालू, आडवी केली की बंद."

बोळाच्या तोंडाशी सोप्यावर एक खुर्ची होती. तिच्यात त्रिशलाचे सासरे, रायगोंडा पाटील, बसले होते. बोळाला दुसरीकडून वाट नव्हती आणि मागची भिंत चांगली पुरुषभर उंच होती.

"आण्णा, सकाळपासनं हितंच हाय?"

"व्हय. माझी खुर्ची हितंच असती."

"बोळात कोण गेलं? गडी, दूधवाला?"

"कोण आलं न्हाई. भाईरचं माणूस हिकडं फिरकलंच न्हाई."

"भिंतीतनं आवाज येतो म्हणं."

"शेगडी पेटली की मीटर धापा टाकल्यागत करतो. शेवटाला मायाबी तशीच..." पुढचं वाक्य म्हाताऱ्यानं गिळलं.

दुपार टळत आली होती. चहापुरती शेगडी वापरू द्या म्हणून त्रिशला एका शेजारणीच्या दारी गेली, तर तिनं दार लावून घेतलं. संयोगिता बोळात एकट्या उभ्या राहिल्या. मीटर गप्प होता, आणि तो गप्प असूनही त्यांच्या अंगावर काटा आला. भुतावर विश्वास नसलेल्या माणसालाही घरातली शांतता कळते.

परत जाताना हवालदार जयराज म्हणाला, "मॅडम, कोण आलं न्हाई म्हंजे न्हाईच. रायगोंडा पाटील खोटं बोलत न्हाईत. व्रत हाय त्यांचं. बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाच्या विरोधात साक्ष दिली हुती त्यांनी."

"म्हणूनच तर कोडं सुटंना, जयराज. साक्षीदार खरा हाय, आणि त्याचं म्हणणं धरलं तर हे करणारं भूतच उरतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिराप्पानं जोडणी तपासून दिली. खिडक्या सताड उघडून सगळे स्वयंपाकघराच्या दाराशी जमले. रायगोंडांनाही आणून बसवलं. त्रिशलानं शेगडीच्या दोन्ही ज्योती पेटवल्या. भिंतीपलीकडून मीटरच्या धापा ऐकू येऊ लागल्या, आणि अरिहंतनं कपाळावरचा घाम पुसला.

बोळात मीटरपाशी उभ्या केलेल्या माणसाला संयोगितांनी हाक दिली, "बिराप्पा!"

धापा थांबल्या. दोन्ही ज्योती लहान झाल्या आणि एकदम गेल्या. पुढच्याच क्षणी धापा परत सुरू झाल्या, पण ज्योती मात्र आल्या नाहीत. शेगडी नुसतीच फुसफुसत राहिली. त्रिशलानं झटकन दोन्ही बटणं बंद केली.

"बघा," संयोगिता म्हणाल्या. "एवढंच भूत. वारा असता तर उदबत्तीचा धूर हलला असता. भांडं उतू गेलं असतं तर एक ज्योत गेली असती, दोन न्हाई. दोन्ही एकदम जातात म्हंजे गॅस मागनंच थांबतो. बाहेर दांडी आडवी केली की ज्योत मरती, सरळ केली की गॅस न जळता घरात यायला लागतो. आत्तापर्यंत काय झालं न्हाई, कारण दर वेळी त्रिशला समोर हुती आणि तिचा हात आपसूक बटणावर गेला. काल ती गच्चीवर हुती. ज्योत गेलेली कुणी पाहिलीच न्हाई. सुंदरीबाई आल्या, वास त्यांना येत न्हाई, आणि त्यांनी काडी ओढली."

"मग हिनंच गच्चीवरून उतरून..." अरिहंत पुटपुटला.

"बोळात जायला आण्णांच्या खुर्चीवरनं जावं लागतं. आणि पंधरवडाभर ज्योत विझली न्हाई, तवा तुमची बायको घरातच हुती. घरात नव्हतं ते दुसरंच माणूस."

संयोगिता रायगोंडांच्या समोर जाऊन बसल्या.

"आण्णा, काल चूक माझी झाली. तुमी एक अक्षर खोटं बोलला न्हाई. मी इचारलं, कोण आलं का. तुमी काय केलं ते इचारलंच न्हाई. आता इचारते. दांडी कुणी फिरवली?"

म्हाताऱ्यानं एकदा सुनेकडं पाहिलं.

"मी."

"आण्णा!" अरिहंत ओरडला.

"तू गप. तुज्या लग्नादिवशी तूच सांगितलंस, नव्या सुनेपुढं मायाचं नाव काढायचं न्हाई. कुणी काढलं न्हाई. आजारपणात पोरीनं मला चमच्यानं भरवलं हुतं, आणि ती गेल्यावर घरात जणू ती झालीच नव्हती." त्यांनी बोळाकडं हात केला. "दांडीवर टॉवेल वाळत घातला हुता. वढून काढताना दांडी फिरली, मी ती परत सरळ केली. आतनं सुंदरी वरडली, माया आली, माया आली. मला वाटलं, चला, कुणीतरी नाव घेतलं. मग सवय लागली. सैपाकघरात तिचं बोलणं निघायचं, मी हितं बसून ऐकायचा. सून आत हाय असं वाटलं मला काल. घरात गॅस भरतोय हे मला ठावंच नव्हतं, बाई. चूल विझली म्हंजे विझली, एवढंच मला ठावं."

संयोगितांनी आजवर पुष्कळ कबुल्या ऐकल्या होत्या. ही ऐकून त्यांना त्या माणसाचा राग येईना, आणि राग येत नाही याचा त्यांना त्रास झाला. पलीकडं एक बाई भाजून पडली होती आणि एक पोर कोठडीच्या दारापर्यंत जाऊन आली होती.

त्रिशला पुढं आली. इतका वेळ आवरलेलं रडू तिला फुटलं.

"मामंजी, तिचं नाव घेतल्यानं मी मोडून पडणार होते का? मला सांगायचं होतं. मी रोज बसून ऐकलं असतं."

रायगोंडांनी हात जोडले. अरिहंत बायकोजवळ आला, पण ती बाजूला सरकली.

तेवढ्यात जयराजचा फोन वाजला. इस्पितळातून होता. सुंदरीबाई शुद्धीवर आल्या होत्या, जिवाचा धोका टळला होता, आणि त्या सारखं एकच सांगत होत्या. सुनेला काही करू नका, मायानंच केलं.

संयोगितांनी निरोप मोठ्यानं सांगितला. रायगोंडा भिंतीला धरून उठले.

"बाई, तुमी मला न्यालच. पर आधी मिरजेला चला." ओठ आवळून त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "तिला सांगायला पायजे, माया आली नव्हती."