तीन वाजून वीस मिनिटांची फाईल

त्र्याण्णव सालचा मे महिना. दिनकररावांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. परभणीच्या एका सरकारी कचेरीत ते अव्वल कारकून होते. त्या दुपारी बैठकीसाठी गावांची यादी हवी होती, म्हणून ते कॉम्प्युटरच्या खोलीकडे गेले. दाराबाहेर चपला काढल्या. अख्ख्या कचेरीत थंड हवेचं यंत्र तेवढ्याच खोलीला होतं. साहेब पंख्याखाली घामाने भिजत बसायचे, आणि हा नवा पाहुणा मात्र काळ्या पडद्यांआड गारव्यात असायचा.

तो चालवणारा पंडित ताडकळसकडचा, बौद्ध घरातला, औरंगाबादला शिकून आलेला. जुन्या दप्तरांतले कागद एकेक करून त्यात भरायचं काम त्याच्याकडे होतं.

"बसा भाऊसाहेब, यादी निघायलीय."

"तू नसलास तर बंद पडतं का रे हे?"

"न्हाई. वेळ नेमून दिली की झालं. सकाळी साडेदहाला त्या दिवसाची फाईल आपली आपण उघडते. म्या समोर असो नसो."

"म्हणजे गडी विसरत नाही."

"विसरायचं त्याला कुणी शिकवलंच न्हाई," पंडित हसला.

तेवढ्यात कॉम्प्युटरच्या पडद्यावरची यादी पुसली गेली. हिरवी अक्षरं एकामागून एक उमटू लागली. पंडितचे दोन्ही हात मांडीवर होते.

मौजे काळटेंभी. पंचनामा. मयत सरजाबाई, वय अंदाजे सत्तर. चुलीतील ठिणगी उडून झोपडी पेटली. कोणावर संशय नाही.

दिनकरराव वाकून वाचू लागले. ती वाक्यं त्यांची स्वतःची होती. अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर गावोगाव दलित वस्त्या पेटू लागल्या, तेव्हा त्यांनीच ती लिहिली होती. पंचनाम्याच्या वेळी म्हातारीची सून गीताबाई राखेत उभी राहून ओरडत होती, "साहेब, बाहेरून कडी व्हती! लिव्हा की तेवढं!" बाजूला त्याच गावचे पाटील, माणिकराव, पान चघळत उभे होते. दिनकररावांनी लिहिलं नव्हतं.

आता पडद्यावर त्यांच्या मजकुराखाली एक ओळ जास्तीची आली.

बाहेरून कडी होती.

खोलीत जळक्या पऱ्हाटीचा, पेटलेल्या कुडाचा वास आला आणि गेला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"हे... तू भरलंस?" दिनकररावांनी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तरचं गाठोडं अजून सोडलंच न्हाई म्या," पंडित म्हणाला. त्याची नजर पडद्यावरून हलत नव्हती. "कोन व्हती ही सरजाबाई?"

दिनकरराव उठून बाहेर पडले. चपला घालायच्याही राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवूनही तीनच्या सुमारास त्यांचे पाय तिकडेच वळले. पंडितने त्यांच्यादेखत वेळेच्या सगळ्या नेमणुका काढून टाकल्या. तरी तीन वीसला फाईल उघडली. तिसऱ्या दिवशी त्याने ती पुसली. चौथ्या दिवशी ती जागच्या जागी होती.

"भाऊसाहेब, एक सांगू का?" पंडितचा आवाज दबला होता. "हर फाईलला तारीख असती. हिच्यावर ऑगस्ट अठ्ठ्याहत्तर पडलीय."

"मग?"

"ह्या मशीनला ऐंशी सालाच्या आधीची तारीख घालताच येत न्हाई. म्या घालून बघितली. घेत न्हाई. ऐंशीच्या मागं काही घडलंय, हेच त्याला ठाऊक न्हाई."

दिनकररावांनी पडद्याकडे पाठ फिरवली. मग त्यांच्या तोंडून जे निघालं, ते त्यांनाही ओळखू येईना. "तुमच्याच लोकांचं गाव ना ते? मला जाता जाता बदनाम करायला बसवलंय तुला."

पंडितने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. असं काही ऐकायची सवय असलेला माणूस पाहतो तसं.

"आमच्या लोकांचंच हाय," तो म्हणाला. "पन भाऊसाहेब, ठिणगीचं म्या न्हाई लिव्हलं."

त्याच संध्याकाळी दिनकररावांनी साहेबांकडे लेखी तक्रार दिली. ऑपरेटर सरकारी दप्तरात खोडसाळपणाने मजकूर घालतो. चौकशी झाली नाही, कारण निवृत्तीला टेकलेल्या माणसाचा शब्द कोण मोडणार? आठवड्याच्या आत पंडितची जिंतूरला बदली झाली आणि तिथे तो आवक-जावकच्या टेबलावर बसला. जाताना त्याने खोलीची किल्ली दिनकररावांच्या हातात दिली.

"वायर काढून ठेवा," एवढंच म्हणाला.

दिनकररावांनी वायर काढली. खोलीला कुलूप घातलं. यंत्र चालवणारं दुसरं कुणी नव्हतंच. चार दिवस ते तीन वाजले की कचेरीबाहेर चहाला जात, पण कपातल्या चहालाही तोच जळका वास येई. पाचव्या दिवशी, सत्तावीस मे रोजी, त्यांनीच कुलूप काढलं.

आत उकडत होतं. काढलेली वायर जमिनीवर वेटोळं करून पडली होती. आणि पडदा... पडदा उजळलेला होता. पान कोरं. फक्त तळाशी त्यांचं नाव आणि हुद्दा, आणि वर, पुढचं अक्षर उमटायच्या जागी, एक चौकोनी खूण लुकलुकत थांबलेली.

ते खुर्चीत बसले. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्यांनी लिहिलं. *चुलीची ठिणगी खोटी आहे. दाराला बाहेरून कडी होती. माणिकरावांच्या सांगण्यावरून मी लिहिले नाही.* पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा श्वास पोटापर्यंत गेला. पडदा विझला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मानवतकडच्या एसटीत बसले आणि फाट्यावर उतरून काळटेंभीला चालत गेले. गीताबाई दारात तूर पाखडत होती. केस पांढरे झाले होते. तिने त्यांना लगेच ओळखलं, पण उठली नाही.

"बाई, मी... सांगायला आलो. मी खरं लिहिलं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "आलं की टपालानं."

"टपालानं? मी तर कालच..."

ती आत गेली आणि एक जाडजूड खाकी लिफाफा घेऊन आली. त्यावर टपालाचा शिक्का होता. एकोणीस मे. दिनकररावांनी तो दोनदा वाचला. त्यांनी लिहिलं त्याच्या आठ दिवस आधीचा.

आत कॉम्प्युटरचा कागद होता, दोन्ही कडांना भोकं असलेला.

"मला वाचता येत न्हाई," गीताबाई म्हणाली. "शाळंच्या मास्तरांनी थोडं वाचलं. तुमीच वाचा आता."

त्यांनी वाचायला घेतलं. शब्द न शब्द त्यांचा होता. ठिणगी खोटी, कडी खरी, माणिकराव. मग त्यांनी कधीच न लिहिलेली ओळ आली आणि ते थांबले.

"थांबलात का? मास्तर बी हितंच थांबले व्हते. म्हनले, फुडचं ज्याचं हाय त्यालाच वाचू दे."

ऊन अंगणात उभं होतं. कुठे पानही हलत नव्हतं. दिनकरराव वाचू लागले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच दुरून आल्यासारखा वाटला.

"पंचनाम्याच्या आदल्या दिवशी मी पीकपाहणीसाठी याच गावात होतो. माणिकरावांबरोबर झोपडीसमोर उभा होतो. तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. आग एकाच बाजूला लागली होती. आतून... आतून म्हातारीचा आवाज येत होता. कडी माझ्या हाताच्या अंतरावर होती."

हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. माणिकराव तर सहा वर्षांपूर्वीच वारले होते.

गीताबाई रडली नाही. सूप बाजूला ठेवून ती त्यांच्यासमोर मातीत बसली.

"काय म्हनत व्हती माझी सासू?"

"आठवत नाही," दिनकरराव म्हणाले. पान तिथे संपलं होतं. त्यांनी कागद तिच्यापुढे धरला, तसा तो हातातून निसटला आणि घडीखालची घडी उलगडत, पानाला पान जोडलेला, उंबऱ्यावरून अंगणात उतरत गेला. प्रत्येक पान बारीक अक्षरांनी गच्च भरलेलं होतं.

गीताबाईने पहिलं टोक उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

"वाचा," ती म्हणाली. "एवढं सगळं तिचंच बोलनं असंल."